हायलाइट विचारतात

बडोद्यात परतून आठ दिवस झाले,
अजून जिन्यात कोणीतरी अडवतंच :
हायलाइट काय होतं हो, कर्णिक?

मी बत्तीस वर्षं कमाटीबागेत तिकिटांच्या खिडकीत बसलो.
मोठ्यांना पूर्ण, लहानांना अर्धं, गुरुवारी बंद.
वाघ-सिंह माझ्या पाठीमागे होते,
वास यायचा, दर्शन नाही.
समोर कायम सुट्ट्या पैशांची भांडणं.

मग गौतमीला गॅबरोनमध्ये नोकरी लागली
आणि आम्ही दोघं, मी आणि शालन,
तीन किलो लीलो चिवडा घेऊन निघालो.

जोहान्सबर्ग : भिंतीवर भिंत, तिच्यावर विजेची तार.
फोर्ड्सबर्गात मसाल्याचं एक दुकान,
मालकानं भारत पाहिलेला नाही,
पण गुजराती अशी, की आमच्या मांडवीत ती आता
ऐंशीच्या पुढची माणसंच बोलतात.
"बेसो, बेन," तो शालनला म्हणाला,
आणि वेलदोड्याचे पैसे घेतले नाहीत.
बाकी सगळ्याचे घेतले.

केपटाउनचा डोंगर सपाट, सुतारानं रंधा मारल्यासारखा.
वर असा वारा, की शालनची टोपी
आमच्या आधी समुद्राकडे उतरली.

क्रूगरच्या फाटकाशी मी खिडकीत वाकलो.
आत एक बाई. तिन्यिको, बिल्ल्यावर लिहिलेलं.
शिक्का अर्धाच उमटला होता.
तिनं तो पॅडवर पुन्हा दाबला, नीट मारला,
ओल्या शाईवर फुंकर घातली
आणि मगच कागद सरकवला.
गाडीतले ओरडत होते, चला, चला, सिंह!
मला अजून जरा वेळ तिथंच उभं राहायचं होतं.

सिंह दिसला. झोपला होता.
चिवड्याचं एक पाकीट माकडानं पळवलं,
तोंड वाकडं केलं, परत मात्र दिलं नाही.

एतोशात रात्री पाणवठ्यावर एकच पिवळा दिवा.
बाकांवर पन्नास माणसं,
आत ऑडिट चालू असावं तशी गप्प.
गेंडा आला. प्याला.
त्याच्या तोंडाला तोंड लावून दुसरा एक गेंडा खालून पीत होता.
शालननं माझं मनगट धरलं होतं,
हे मला खोलीवर आल्यावर कळलं, घड्याळाचे वळ पाहून.

धबधब्याचं काय सांगू.
भिजलो. फोटोत नुसतं पांढरं आलंय.

आणि चोबे. होडीवर कागीसो,
बोलता बोलता आवाज खाली आणून म्हणाला, मगर.
सगळे कॅमेरे उजवीकडे. होडीही थोडी उजवीकडे.
शालन चष्मा पुसत मराठीतच म्हणाली,
"हिचं नाकाड बारीक आहे. आपल्याकडच्या रुंद तोंडाच्या."
गौतमीनं त्याला समजावलं. तो हसला :
तुमच्याकडे म्हणजे कुठे?

आता हे परक्याला कसं सांगायचं?
की पुराचं पाणी ओसरलं त्या सकाळी
शेलतांच्या ओट्याखाली, स्कूटरला टेकून,
एक पडली होती, सात फुटी,
आणि पकडणारी पोरं येईपर्यंत
शेलतबेन गॅलरीतून तिच्याशी बोलत होत्या,
जाशे, बेन, हमणां जाशे;
की नदी गावाच्या मधून जाते,
काठावर शाळा, पंक्चरवाला, कोणाची वाळत घातलेली गादी,
आणि मधल्या मध्ये या,
कोणाला न विचारता, नांदतात.

कुंपण? कागीसोनं विचारलं.
नाही.
फाटक?
नाही.
त्यानं इंजिन बंद केलं.
पाणी होडीला टकटक करत राहिलं.
आणि तिकीट? तिकीट किती?

बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच
मला आकडा सांगता आला नाही.

आज सकाळी काळ्या घोड्याजवळच्या पुलावर थांबलो.
खाली विश्वामित्री, चहाच्या रंगाची,
पिशव्या, एक चप्पल, झुडपात अडकलेलं टायर.
मागून सेवउसळवाला म्हणाला, काका, काय पडलं?
काही नाही.
फोनवर कागीसो : आज किती?

मोजतोय, मी लिहिलं. मगर नाही.
काठाला ओंडके तीन.

थांब.
दोन.